अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन करायचंय? पुण्यातल्या बायकांसाठी पहिल्या तपासणीपासून पुढच्या सहा आठवड्यांपर्यंत सगळं

अंग बाहेर येतंय, म्हणजे गर्भपिशवी किंवा योनीच्या भिंती खाली सरकून बाहेर डोकावतायत, हे तोंडाने सांगायला आपल्याकडे बायका वर्षं घालवतात, आणि एकदा सांगून टाकलं की घरातले आठवडाभरात ऑपरेशनची तारीख काढायला बसतात. दोन्ही नको. घाई करण्यासारखा हा आजार सहसा नसतो आणि लपवून ठेवण्यासारखाही नाही.

माझं ऑपरेशन होऊन आता बराच काळ झाला, तेव्हापासून सोसायटीतल्या, माहेरच्या, भिशीतल्या कोणाकोणाचे फोन येतात, आवाज खाली करून विचारतात "तुझं ते झालं होतं ना, आमच्या आईंचं पण तसंच आहे". प्रत्येकीला तेच तेच सांगते, म्हणून आता एकदा लिहूनच काढते. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस वगैरे मला विचारू नका. पण कुठे जायचं, काय विचारायचं, कागद कुठले लागतात आणि घरी आल्यावर काय काय करायचं नाही हे सगळं अंगावरून गेलंय.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, कारण सगळा गोंधळ इथूनच होतो. "पिशवी काढली की झालं" असं सगळे म्हणतात, पिशवी म्हणजे गर्भपिशवी. तसं नाहीये. पिशवी खाली आली ती तिला धरून ठेवणारे आधार सैल पडले म्हणून. नुसती पिशवी काढली आणि आधार तसेच सैल ठेवले तर काही वर्षांनी योनीमार्गाचं वरचं टोकच खाली उतरू शकतं, मग परत ऑपरेशन. म्हणजे काढणं हा अर्धा भाग, वर नीट बांधून ठेवणं हे खरं ऑपरेशन. डॉक्टरांशी बोलताना सगळे प्रश्न याच्याभोवती ठेवा.

१. आधी कळून घ्या की नेमकं काय खाली उतरलंय

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय असे तिघं बसलेले असतात. बाळंतपणं, त्यातही लांबलेली किंवा अवघड, पाळी गेल्यावर कमी झालेलं इस्ट्रोजेन, वर्षानुवर्षांचा खोकला, कुंथण्याची सवय, जड उचलणं, वाढलेलं वजन, यातलं काहीतरी किंवा सगळंच मिळून ही झोळी सैल करतं. मग पुढची भिंत ढिली पडली तर लघवीची पिशवी उतरते, मागची पडली तर गुदाशय फुगून पुढे येतो, मधून गर्भपिशवी खाली येते. पुष्कळ बायकांत यातलं एकच नसतं, दोन तरी असतातच. पिशवी आधीच काढलेली असली तरी वरचं टोक उतरू शकतं, त्यामुळे "माझी तर पिशवीच नाही, मग हे काय" असं म्हणून गप्प बसू नका.

लक्षणं अशी असतात: खाली काहीतरी बसल्यासारखं वाटतं, गोळा हाताला लागतो, सकाळी बरं असतं आणि संध्याकाळपर्यंत ओढल्यासारखं जड होतं. लघवी पूर्ण झाली असं वाटतच नाही. काही जणींना लघवी सुरू व्हायला गोळा बोटाने वर ढकलावा लागतो, शी होताना योनीच्या मागच्या भिंतीला आतून दाबावं लागतं. हे शेवटचं कोणीच आपणहून सांगत नाही आणि डॉक्टरसुद्धा ओपीडीच्या गर्दीत विचारत नाहीत, पण ऑपरेशन कुठल्या बाजूचं करायचं हे बरंचसं यावरूनच ठरतं. लाज सोडून सांगा. तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि पुढे सरकवा, चालतं.

तपासणीच्या वेळी डॉक्टर खोकायला, कुंथायला सांगतात. झोपल्यावर गोळा आत सरकतो, त्यामुळे तपासताना कमी दिसलं तर "मला उभं करून तपासाल का, संध्याकाळी जास्त येतं" असं स्पष्ट म्हणा. कितवी डिग्री किंवा कितवी स्टेज हे केसपेपरवर लिहून घ्या.

सापळा: "सोनोग्राफी नॉर्मल आहे, काही नाही". साधी सोनोग्राफी आडवं झोपवून करतात, त्यात अंग खाली उतरलेलं बहुतेक वेळा कळतच नाही. सोनोग्राफी लागते ती पिशवीत गाठ आहे का, अंडाशय ठीक आहेत का हे बघायला. अंग किती उतरलंय ते हातानेच तपासावं लागतं.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं, किंवा लघवी अडलीच, किंवा बाहेर आलेला गोळा आत जातच नाही आणि त्याला जखम झालीय, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जा.

२. ऑपरेशनशिवाय भागतंय का ते बघा

हे कोणी फारसं सांगत नाही. त्रास नसेल तर थोडं उतरलेलं अंग नुसतं लक्ष ठेवूनही राहू देतात. ऑपरेशन तुमच्या त्रासाचं करायचं असतं, रिपोर्टवरच्या डिग्रीचं नाही.

पहिलं म्हणजे केगलचे व्यायाम. अर्नॉल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडलेले, अजूनही तेच चालतात. लघवी थांबवताना जे स्नायू आवळतो ते आवळून काही सेकंद धरायचे, मग सोडायचे. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. आणि रोज लघवी करतानाच थांबवून थांबवून व्यायाम करत बसू नका, ती फक्त स्नायू ओळखायची खूण आहे. शक्य असेल तर यातल्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा जाऊन या, कारण बऱ्याच बायका आवळण्याऐवजी खाली जोर देतात आणि उलटंच होतं. बाहेर आलेला मोठा गोळा व्यायामाने आत जाणार नाही हेही खरं, पण सुरुवातीच्या अवस्थेत फरक पडतो.

दुसरं पेसरी, म्हणजे सिलिकॉनची रिंग. डॉक्टर माप बघून आत बसवतात, ती सगळं वर तोलून धरते. ठराविक महिन्यांनी काढून धुवायची, आत कुठे घासून जखम झालीय का ते तपासून घ्यायचं. वय जास्त, हार्टचा त्रास, भूल झेपणार नाही अशांना हा उत्तम मार्ग आहे, किंवा लेकीचं लग्न होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलायचंय अशांनाही. मात्र बसवली आणि विसरली असं करायचं नाही, वर्षानुवर्षं तशीच राहिलेली रिंग आत रुतते.

पाळी गेलेल्यांना डॉक्टर कधी इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, आतली नाजूक कातडी सुधारायला. त्याने अंग वर जात नाही, पण ऑपरेशनआधी आणि पेसरी असताना उपयोग होतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगा.

बद्धकोष्ठ आणि खोकला मात्र काहीही करायचं ठरलं तरी आधी ताब्यात आणायचा. खोकला तसाच ठेवून ऑपरेशन केलंत तर नवे टाके रोज हादरे खाणार.

३. कुठे दाखवायचं

पुण्यात पर्याय भरपूर आहेत. स्टेशनजवळचं ससून, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू, पिंपरीचं वायसीएम हे सरकारी आणि पालिकेचे. रास्ता पेठेतलं केईएम, एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर, धनकवडीचं भारती ही ट्रस्टची. शिवाय खाजगी नर्सिंग होम गल्लोगल्ली. सरकारीत वेळ जातो, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आधीचे सगळे कागद न्यायचे आणि घरून खाऊन निघायचं. पण तिथे असली ऑपरेशनं नेहमी होत असतात हे विसरू नका.

हॉस्पिटलच्या चकचकाटापेक्षा डॉक्टरांचा हात कशावर बसलाय ते बघा. सरळ विचारा, "अंग वर बांधायचं ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का?" चांगले डॉक्टर रागावत नाहीत. फक्त याच विषयातल्या तज्ज्ञांना युरोगायनॅकॉलॉजिस्ट म्हणतात. आधी एकदा ऑपरेशन होऊन परत अंग उतरलं असेल, किंवा लघवी गळायचाही त्रास असेल, तर अशांकडे जाणं बरं.

दुसरं मत जरूर घ्या, त्यात कोणाचा अपमान होत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गाजलं होतं, समिती नेमावी लागली होती. अंग पूर्ण बाहेर येणं हे ऑपरेशनचं खरंखुरं कारण आहे, पण नुसतं पांढरं जातंय, कंबर दुखतेय आणि "पुढे कॅन्सर होईल" असं कोणी घाबरवत असेल तर उठून दुसरीकडे जा.

४. ऑपरेशनचे प्रकार, जसे मला कळले तसे

इथे जरा थांबून वाचा.

सगळ्यात जास्त होतं ते योनीमार्गातून पिशवी काढून पुढची आणि मागची भिंत शिवून घट्ट करणं. पोटावर टाका नाही. यातच विचारायचं की वरचं टोक कशाला बांधणार. कोणी ते पिशवीच्याच मूळच्या बंधांना शिवतात, कोणी सॅक्रोस्पायनस नावाच्या आतल्या मजबूत बंधाला टाके घालून बांधतात. माझं हेच झालं, आणि नंतर उजव्या कुल्ल्यात खोल कुठेतरी टोचल्यासारखं दुखायचं. मला वाटलं सुई टोचताना नस दुखावली, पण या पद्धतीत असं होतं आणि बहुतेकींचं काही आठवड्यांत जातं. हे आधी सांगितलं असतं तर रात्रीची झोप तरी वाचली असती, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.

दुसरा, पोटातून किंवा दुर्बिणीतून कृत्रिम धाग्यांची जाळी लावून योनीचं टोक, किंवा पिशवी ठेवायची असेल तर पिशवीच, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला बांधणं. टिकाऊ समजतात. तरुण, धडधाकट, किंवा परत अंग उतरलेल्यांना हे सुचवतात. भूल पूर्ण लागते आणि वेळही जास्त लागतो.

तिसरा, पिशवी ठेवून करायची ऑपरेशनं. मूल हवं असेल किंवा वय कमी असेल तर पिशवी काढायलाच पाहिजे असं बिलकुल नाही. यात आपल्याकडच्या डॉक्टरांचं मोठं काम आहे, मुंबईच्या डॉ. शिरोडकरांच्या आणि डॉ. पुरंदरेंच्या नावाच्या पद्धती डॉक्टर होताना शिकतात. गर्भाशयाचं तोंड लांबलेलं असेल तर तेवढंच कमी करून आधार आवळायचा, त्याला मँचेस्टर किंवा फॉदरगिल ऑपरेशन म्हणतात.

चौथा, ल फोर्ट. खूप वय झालेल्या, नवऱ्याबरोबर संबंध नसलेल्या, मोठी भूल झेपणार नाही अशा बायकांसाठी योनीमार्गच आतून शिवून बंद करतात. छोटं असतं, लवकर उरकतं आणि चांगलं टिकतं. पण नंतर संबंध ठेवता येत नाहीत, आणि पिशवी आतच राहते म्हणून आधी ती नीट तपासून घ्यावी लागते. आईचं वय ऐंशी आहे म्हणून मुलांनी परस्पर ठरवू नका. आईंना विचारा. त्यांना काय हवंय ते त्यांनाच माहीत.

जाळीबद्दल लोक घाबरवतात, तर खरं काय ते. योनीमार्गातून बसवायच्या जाळीचे त्रास फार झाले, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, एप्रिल २०१९ मध्ये अंग उतरण्यासाठीच्या अशा जाळीची विक्री थांबवायला लावली. पोटातून हाडाला बांधायची जाळी त्या आदेशात नव्हती. तेव्हा "जाळी लावणार" म्हटलं की पुढचा प्रश्न "कुठल्या वाटेने?"

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा:

- माझं नेमकं काय काय उतरलंय, पुढचं, मधलं, मागचं?
- पिशवी काढणं गरजेचं आहे का, आणि का?
- काढली तर वरचं टोक कशाला बांधणार?
- अंडाशय ठेवणार की काढणार?
- गोळा वर गेल्यावर लघवी गळायला लागेल का?
- परत अंग उतरलं तर पुढचा उपाय काय?

पाचवा प्रश्न ऐकून घरचे चकित होतात. होतं असं की खाली आलेला गोळा लघवीच्या नळीला मुडपून धरतो, त्यामुळे आतापर्यंत गळती झाकलेली असते. ऑपरेशनने सगळं सरळ झालं की शिंकताना, हसताना लघवी सुटते आणि बाई म्हणते ऑपरेशन बिघडलं. म्हणून आधीच गोळा वर धरून खोकायला लावून बघतात, गरज पडली तर लघवीच्या प्रेशरची तपासणी करतात. गळती निघाली तर त्याच वेळी नळीखाली आधाराची पट्टी टाकायची की नंतर बघायचं ते ठरवता येतं.

५. पैसे आणि कागदपत्रं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे आणि संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं आहे. पण प्रत्येक हॉस्पिटल योजनेत नसतं, आणि असलं तरी प्रत्येक ऑपरेशन तिथे योजनेतून होत नाही. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं, ऍडमिट व्हायच्या आधी तिथे जाऊन तुमच्या ऑपरेशनचं नाव दाखवा. फोनवर विचारायचं तर १५५३८८. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, तेही काढून ठेवा.

ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना धर्मादाय कायद्याखाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. हे बिलिंग काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन मागावं लागतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधीच काढा, ऍडमिट झाल्यावर धावाधाव होते.

खाजगी मेडिक्लेम असेल तर पॉलिसी उघडून बघा, बऱ्याच पॉलिसीत पिशवी काढण्याला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. कॅशलेस करायचं तर टीपीए डेस्कला, म्हणजे हॉस्पिटलातल्या विम्याच्या टेबलाला, निदान दोन दिवस आधी कागद द्या. आणि रूम निवडताना पॉलिसीत भाड्याची मर्यादा किती ते बघा, कारण मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली तर नुसतं भाडंच कापत नाहीत, डॉक्टरांच्या फीपासून बऱ्याच गोष्टी त्याच प्रमाणात कापतात.

फाइलमध्ये हे ठेवा:

- आधार, रेशनकार्ड, पॅन, पॉलिसी कार्ड
- उत्पन्नाचा दाखला, सवलत मागायची असेल तर
- जुने केसपेपर, आधीच्या ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं
- चालू गोळ्यांची यादी, डोससकट
- पासपोर्ट फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स, दोन दोन प्रती

सापळा: नाव. आधारवर सासरचं, रेशनकार्डवर नुसतं "मंगल", बँकेत माहेरचं आडनाव. आपल्याकडे बायकांच्या कागदांचं हे ठरलेलंच आहे आणि योजनेची मंजुरी नेमकी इथे अडकते. ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी सगळे कागद शेजारी शेजारी मांडून स्पेलिंगसुद्धा जुळवून बघा.

६. तपासण्या आणि फिटनेस

रक्त, शुगर, किडनी, लघवी, ईसीजी, छातीचा एक्सरे, वयाप्रमाणे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), पोटाची सोनोग्राफी आणि पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी. मग फिजिशियनचा फिटनेस आणि भूलतज्ज्ञांची भेट. लघवीत जंतू निघाले तर आधी तो कोर्स पूर्ण करावा लागतो, तारीख पुढे जाते, चिडू नका. गोळ्याला जखम असेल तर ती भरेपर्यंतही थांबवतात, औषधाचा पॅक ठेवतात.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, इकोस्प्रिन वगैरे, तर त्या बंद कधी करायच्या हे डॉक्टरच सांगतील, शेजारणीचं ऐकून परस्पर बंद करू नका. आणि डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. आयुर्वेदिक काढे, सांधेदुखीच्या पुड्या जे काही चालू असेल ते सगळं सांगायचं. "ते काय औषध थोडंच आहे" असं नाही.

७. ऍडमिट होताना आणि ऑपरेशनच्या दिवशी

पुढून बटणांचे सैल गाऊन, मोठे कॉटन सॅनिटरी पॅड, चपटी सपाट चप्पल, लांब वायरचा चार्जर. दागिने, मंगळसूत्र, जोडवी घरीच काढून ठेवा. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी तेल साबण लावून काढा, ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर कात्री घेऊन येतात तेव्हा रडू येतं बायकांना. नेलपेंट, मेंदी नको. उपाशी किती वेळ राहायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील तसंच, "एक घोट चहाने काय होतंय" म्हणणाऱ्या मावशींना हात जोडा.

संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचा. मराठीत मागा. त्यात पिशवी, अंडाशय, जाळी यातलं काय लिहिलंय ते बघा आणि ठरलं होतं त्यापेक्षा वेगळं दिसलं तर विचारा.

योनीमार्गातलं ऑपरेशन बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन करतात, कमरेखालचं बधिर होतं. बाहेर आल्यावर लघवीला नळी आणि आत गॉजचा लांबलचक पॅक असतो, रक्त थांबायला. पॅक साधारण दुसऱ्या दिवशी काढतात, ओढताना विचित्र वाटतं, संपतच नाही असं वाटतं, लांब श्वास सोडा. नळी काढल्यावर खरी परीक्षा असते: लघवी स्वतःची स्वतः होतेय का आणि आत किती उरतेय. होऊन गेल्यावर लगेच मशीन लावून उरलेली मोजतात. पहिल्यांदा नाही झाली पूर्ण तर परत नळी घालतात, काही जणींना नळीसकट घरी पाठवतात. सूज उतरली की बहुतेकींची नीट होते, घाबरायचं नाही.

पायाची बोटं, घोटे पलंगावरच हलवत राहा, आणि सिस्टर उठवायला आल्या की उठा. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून असतं ते.

८. घरी आल्यावरचे सहा आठवडे

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको. पोटावर टाका दिसत नाही, बाई चौथ्या दिवशी चालायला लागते, आणि घरच्यांना वाटतं काही झालंच नाही. मग "जरा कुकर लावतेस का". आतमध्ये तर सगळीकडे टाके आहेत आणि ते पकडायला वेळ लागतो.

उचलायचं नाही म्हणजे काय काय नाही ते यादी करून फ्रिजवर लावा, नुसतं "जड उचलू नका" म्हटलं की कोणाला कळत नाही. भरलेली बादली नाही. नळाला पाणी कमी दाबाने येतं म्हणून भरून ठेवलेला हंडा तर नाहीच. पाच लिटरचा भरलेला कुकर नाही, ओले कपडे मशीनमधून काढून पिळणं नाही, नातवाला कडेवर घेणं नाही, गॅसचं सिलेंडर सरकवणं नाही. आणि पुणेकरणींनो, ऍक्टिव्हा डबल स्टँडवर लावायची नाही. चालवायलाही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. रिक्षाने जायचं झालंच तर हळू न्यायला सांगा.

शी घट्ट होता कामा नये. पहिल्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेलं सिरप किंवा इसबगोल घ्या, पाणी, पपई, भिजवलेले मनुके. कुंथायचं नाही म्हणजे नाही. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची सर्जिकल सामानाच्या दुकानात भाड्याने मिळते, ऍडमिट व्हायच्या आधीच आणून ठेवा. खोकला आला तर खाली टाक्यांच्या जागी हात किंवा घडी केलेला टॉवेल धरून खोका आणि लगेच औषध मागा.

काही आठवडे तपकिरी, पिवळसर स्राव जातो, त्यात धाग्याचे तुकडे पडतात. ते विरघळणारे टाके आहेत. आत काही घालायचं नाही, औषधाचं पाणी वगैरे आतून धुवायला वापरायचं नाही. संबंध डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत नाहीत, आणि हे नवऱ्याला तुम्हीच सांगत बसू नका, ओपीडीत त्यांना आत बोलवा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

चालायचं मात्र रोज, आधी घरातल्या घरात, मग सोसायटीत, थकवा येईल इतकं नाही.

तारीख ठरवताना पुढचे दोन महिने कॅलेंडर बघा. गौरी-गणपतीच्या पंधरा दिवस आधी ऑपरेशन केलंत तर घरात सगळे कितीही म्हणोत "तू बसून राहा", तुम्ही बसणार नाही, मला माहितीये. सून-मुलगी-जाऊ कोणाला सुट्टी आहे, पोळीवाल्या बाई मिळतायत का, भांडीवाल्या मावशींना जादा पैसे देऊन पाणी भरून घ्यायचं का, हे ठरल्याशिवाय तारीख घेऊच नका.

९. लगेच फोन करायची लक्षणं

- पॅड तासातासाला भिजतंय, गुठळ्या पडतायत
- ताप, थंडी, घाण वास येणारा स्राव
- लघवी अडली, किंवा सारखी थेंबथेंब गळतेय आणि थांबतच नाही
- एका पायाची पोटरी सुजली, दुखतेय
- छातीत दुखणं, दम लागणं. यात फोन नाही, सरळ इमर्जन्सी

डिस्चार्जच्या वेळी रात्री उचलला जाणारा नंबर कुठला ते विचारून घ्या. कार्डावर छापलेला बऱ्याचदा ओपीडीचा असतो आणि संध्याकाळनंतर नुसती रिंग वाजते.

१०. सहा आठवड्यांनंतर

तपासणीला जा, बरं वाटतंय म्हणून टाळू नका. केगल परत कधी सुरू करायचे ते तेव्हा विचारा, आणि मग सोडू नका. वजन, बद्धकोष्ठ, खोकला यांच्याकडे आता कायमचं लक्ष. शेतावर किंवा कामावर ओझं उचलावं लागत असेल तर किती आणि कधीपासून हे नीट बोलून घ्या, "जपून करा" एवढ्यावर उठू नका.

डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करू नका, शिक्के पुसट होतात आणि क्लेमला मूळ प्रत मागतात. फोटो काढून मुलांच्या फोनमध्ये ठेवा. त्यात पिशवी काढली का, अंडाशय ठेवले का, जाळी किंवा पट्टी बसवलीय का आणि वरचं टोक कशाला बांधलं एवढं लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर त्याच दिवशी, वॉर्ड सोडायच्या आधी, लिहून मागा.